पहिल्या मालाचं कुंकू

२८ सप्टेंबर, रविवार

भाषणाची सुरुवात सापडली. विसरायच्या आत उतरवून ठेवते.

"तपासणीच्या टेबलावर डोळे झिजवलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. माल पास केला तर आपण कोणाला आठवत नाही. माल अडवला तर आपण वैरी. आणि माल फुटला, तर सगळ्यात आधी विचारतात, सही कोणाची होती?"

यांनी खुर्चीतून ऐकलं. म्हणाले, "चांगलं आहे. 'वैरी'वर एवढा जोर नको देऊ. तुझ्यासमोर लोक घाबरून टाळ्या वाजवतात." आयुष्यभर मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात एकटे बसले, त्यामुळे यांना मोठ्या आवाजाचं वावडं आहे.

पुढच्या रविवारी नेपियर टाउनात छोट्या कारखान्यांतल्या तपासनिसांचा मेळावा. मला बोलावलं, कारण रिछाईच्या आमच्या शेडमध्ये रॉकेटचं काम आलंय ही बातमी गावभर झाली आहे. सरकारी कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन प्रमोदच्या या कारखान्यात तपासणी सांभाळायला आले तेव्हा जुन्या सोबतिणी हसल्या होत्या. "वसुधा, तोफा सोडून पंपाच्या नळ्या मोजणार?" आता त्याच विचारतात, रॉकेट कसं दिसतं गं.

रॉकेट मी पाहिलेलं नाही. सोळा व्हॉल्व्ह पाहिलेत. मंगळवारी, ७ तारखेला गाडी येणार. हे सोळा नीट गेले तर दक्षिणेतली रॉकेट बनवणारी कंपनी पुढचं सगळं काम आपल्याला देणार. नाही गेले तर दुसरा पुरवठादार तयार बसलाय. प्र.ने याच भरवशावर नवी माणसं घेतली आहेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

सोळाही धुऊन, वाळवून, दोन-दोन पिशव्यांत बंद. सील लागलं. पाठ मोडून आली आहे.

रेवतीचा फोन. त्या कंपनीची तपासनीस. माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलते तोलून. त्यांचं मागचं उड्डाण जमिनीवरच रद्द झालं. कोणाचा तरी व्हॉल्व्ह अडकला, आमचा नव्हे. तेव्हापासून त्यांचा एक नियम सगळ्यांवर आहे. एकदा सील झालेली पिशवी कुठेही, कोणत्याही कारणाने उघडली, तर त्यांना कळवायचं. आज परत तेच म्हणाली, "मैम, खराब पार्ट हम झेल लेंगे. छुपाया हुआ नहीं झेल पाएँगे."

मुलगी आवडली मला.

आमच्या लोकांना मी कारण एकाच वाक्यात सांगते. या नळीतून द्रवरूप ऑक्सिजन जाणार, त्याच्या वाटेत तेला-तुपाचा बोटभर डाग राहिला तर दाब चढताच तो पेटतो, आणि मग धातूसुद्धा लाकडासारखा जळतो. एवढं सांगूनही गेल्या महिन्यात एक जण डोक्याला खोबरेल चोपडून क्लीन रूममध्ये आला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा म्हणे माझा आवाज गेटपर्यंत गेला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

शेडमध्ये पूजा. लेथला झेंडू, मिलिंगला झेंडू, क्रेनच्या हुकालासुद्धा हार. मला हे दृश्य आवडतं, कबूल करते. देवाशी माझं फारसं पटत नाही, पण हत्याराला नमस्कार करणारा माणूस मला कळतो.

फक्त क्लीन रूमला मी कुलूप घातलं. तिथे दिवा नाही, उदबत्ती नाही, हार नाही. तिवारीजी, आमचे उत्पादनप्रमुख, सगळ्यांच्या वतीने विचारायला आले. "मैडम जी, भगवान को बाहर खड़ा रखेंगे?" म्हटलं, "हाँ. हाथ-पैर धोके, टोपी पहन के आएँ, तो अंदर ले लूँगी." लोक हसले. मग मी टूलबॉक्सवर उभं राहून पंधरा मिनिटं बोलले. की हीच पूजा आहे, हे स्वच्छ ठेवणं. की ज्याला इथे तेलाचं बोट लावायचंय त्याने आधी माझ्यासमोर येऊन सांगावं. कोणी आलं नाही. टाळ्या पडल्या.

कोणीतरी मागे पुटपुटलं, "सोवळ्याची खोली है भाई." शब्द मराठी, बोलणारा नरसिंहपूरचा. चांगलंच झोंबलं. ज्या सोवळ्याविरुद्ध बावीस वर्षांची असल्यापासून बोलत आले, ते आता पगार घेऊन पाळतेय. फरक एवढाच की आमचं सोवळं जन्म विचारत नाही, हात विचारतं. हे भाषणात घालायला हवं.

दुपारी सदरला बहिणीकडे जेवायला गेले. परत शेडवर गेले नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

लिहायला हात उचलत नाही.

संध्याकाळी माईंकडे गेले सोनं द्यायला. माई म्हणजे प्रमोदच्या आई. चल समारोहाच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, अर्धं अंतर पायी. माईंनी पाट मांडला, खोव्याची जलेबी पुढे केली. आणि माझा हात धरून, इतक्या आनंदाने म्हणाल्या, "वसू, तुझ्या रॉकेटला पण माझं कुंकू लागलं बरं का. काल प्रमोद घेऊन आला होता एक. केवढं जड आहे गं. तुपात कालवून लावलं, चांगलं ठसठशीत."

मी जलेबी खाल्ली.

ही रीत त्यांच्याकडे जुनी आहे. नव्या ऑर्डरचा पहिला नग घरी येतो, माई कुंकू लावतात, मग माल बाहेर पडतो. काका, म्हणजे प्रमोदचे वडील, होते तेव्हापासून. आणि काका गेले त्या वर्षी नातेवाइकांनी ठरवलं, आता माईंचा हात नको. त्याच बैठकीच्या खोलीत मी उभी राहिले होते. म्हणाले होते, या बाईने पहिल्या दिवसापासून या कारखान्याला हात लावलाय, नवरा गेल्याने तिच्या हातात विष नाही आलं. पुढचा पहिला नग माईंच्याच हाताने जाईल, आणि ज्यांना अशुभ वाटतं त्यांनी आपला वाटा सोडावा. कोणी सोडला नाही. माईंनीच कुंकू लावलं. माझ्या आयुष्यात जी काही दोन-चार भाषणं खरोखर उपयोगाला आली, त्यातलं ते एक.

तेच कुंकू. तुपातलं. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हवर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

प्र.ला केबिनमध्ये गाठलं. दार लावलं.

आधी म्हणाला, "कोणतं कुंकू?" मग म्हणाला, "अरे, ते होय." मग खुर्चीत बसला.

"ताई, चार नंबरचा होता. मी स्वतः नेला, स्वतः आणला. स्पिरिटने पुसला, एकदम चकाचक. नव्या पिशव्या, नवं सील. तुम्ही ओळखणार नाही, एवढा साफ."

"मी ओळखणार नाही, हेच तर भीतीचं आहे."

"तुम्ही काहून एवढं तापून राहिल्या? माईला काय सांगू, की तुझा हात चालत नाही? तुम्हीच तर…"

वाक्य त्याने पुरं केलं नाही. बरंच केलं.

मी म्हटलं, एक माझ्या नकळत उघडली तर बाकीच्यांचाही भरवसा नाही, सोळाही पिशव्या उघडायच्या, जांभळ्या दिव्याखाली तपासायच्या. त्या दिव्यात तेल-तूप चमकतं. आणि रेवतीला कळवायचं.

"एकासाठी सोळा काहून उघडायच्या? आणि कळवलं तर ऑर्डर गेली समजा, ताई. पहिल्याच मालाला आम्ही सांगणार, की साहेब, आम्ही पूजा केली? हसतील न ते. त्या दुसऱ्या पुरवठादाराला काय, आयतं मिळून जाईल."

"हसू देत."

"चाळीस घरं आहेत यावर."

"आणि त्या टोकाला रॉकेटखाली किती माणसं उभी असतील, मोजलीस?"

"उड्डाणाच्या वेळी खाली कोणी नसतं."

"चाचणीच्या वेळी असतं."

मग हळूच, माझ्याकडे न बघता, "सही तुमची नसेल तर तिवारीजींची चालते. मी विचारून ठेवलंय."

म्हणजे आधीच विचारून ठेवलंय. म्हणजे त्याला माहीत होतं मी काय म्हणणार. आज पहिल्यांदा या पोराचा राग आला. पोर कसला, पन्नाशीला आलाय. त्याला गणित शिकवलंय मी, दहावीला.

सही करणार नाही, एवढं सांगून बाहेर पडले.

४ ऑक्टोबर, शनिवार

यांच्याजवळ बोलले. शांतपणे ऐकून घेतलं. "गार्डाला एकच अधिकार असतो," म्हणाले. "गाडी थांबवायचा. वेग वाढवायचा नसतो." मग, "पण थांबवल्यावर ड्रायव्हरला कारण सांगावं लागतं. नुसता लाल झेंडा दाखवून चालत नाही." नंतर वर्तमानपत्र.

दुपारी ऑटोने माईंकडे. प्र. सांगणार नाही, मग मीच सांगावं असं ठरवून गेले. वाटेत तीन प्रकारे वाक्य जुळवलं. एकही उपयोगी पडलं नाही.

"माई, तुमचं कुंकू चुकीचं नव्हतं. तूप चुकीचं होतं."

"तूप घरचं आहे."

"घरचं, बाजारचं, सारखंच. त्या नळीत कोणतंही स्निग्ध चालत नाही. आग लागते."

माई म्हणाल्या, "माझ्या कुंकवाने आग लागते म्हणतेस."

"तुपाने, माई."

"तेव्हा सगळे हेच म्हणत होते. शब्द वेगळे होते. तू एकटी नाही म्हणालीस. म्हणून मी इतकी वर्षं लावत आले." पदर सावरला. "आता तू पण म्हणतेस. मग खरंच असेल."

मी पुष्कळ बोलले. दाब, तापमान, ऑक्सिजन. एरवी भरल्या सभागृहाला पटवते. समोरची एक बाई ऐकत होती आणि तिला एकच वाक्य ऐकू येत होतं.

निघताना सून म्हणाली, "माई आज जेवल्या नाहीत तर मी काय सांगू, वसुधाताई?" तिचंही बरोबर आहे.

सुधारणा करणाऱ्या माणसाला कधी तरी हा दिवस येतच असावा. ज्या हातासाठी भांडलो, तोच हात बाजूला करायचा. कारण आता वेगळं आहे, खरं आहे, सिद्ध करता येतं. पण ज्याचा हात बाजूला होतो त्याला वेदना तीच होते.

५ ऑक्टोबर, रविवार

मेळावा. हॉल भरलेला. प्र. दुसऱ्या रांगेत, बायकोसह. न येता तर बरं झालं असतं. पण आला.

बोलले. आवाज लागला होता. किल्ल्यांचं उदाहरण दिलं, ते इथे लिहिते, कारण ते व्यासपीठावरच सुचलं. आपण म्हणतो किल्ले फितुरीने पडले. मला वाटतं त्यातले बरेच भीतीने पडले असतील. दिंडी दरवाजा उघडा राहिलाय हे पहारेकऱ्याला दिसलं, पण किल्लेदाराला जाऊन सांगायची छाती झाली नाही, कारण किल्लेदार तापट होता. म्हणून सकाळपर्यंत वाट बघितली. सकाळी शत्रू आत होता.

टाळ्या जोरात. मला भरून आलं होतं.

मग प्रश्न. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली तरुण बाई उभी राहिली. नागपूरहून नुकतीच आलेली. "मॅडम, मालक घरच्यासारखा असेल, त्याच्या आईच्या हातचं आपण जेवलेलो असू, आणि चूक तिथेच झाली असेल, तर काय करायचं?"

तिला काही माहीत असणं शक्य नाही. तिने तिचं विचारलं होतं. पण प्र. खाली बघत होता.

म्हटलं, "पिशव्या उघडायच्या."

"आणि मग मालकाने तोंड फिरवलं तर?"

"तरी उघडायच्या. उद्या माझ्या शेडमध्ये असं झालं, तर उद्याच उघडीन."

लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. प्र.ने नाही वाजवल्या. बाहेर स्कूटरजवळ आला, हेल्मेट हातात. "सगळ्यांसमोर बोललात ताई. आता न उघडून कसं चालेल." आवाजात चीड होती, आणि मला वाटतं, थोडी सुटकाही. "उघडा. पण चार नंबर साफ निघाला, तर मंगळवारी गाडी जाणार. आणि फोन नाही."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. उघडणं तर मिळालं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खोटं वाटेल.

सकाळी क्लीन रूम. मी, तिवारीजी, आणि काचेबाहेर प्र. दिवे बंद, जांभळा दिवा हातात. आधी चार नंबर. फिरवून फिरवून बघितला. बाहेरून स्वच्छ, आट्यांतही काही चमक नाही. काचेवर प्र.ने बोटाने टकटक केली. ओठांवरून कळलं, "बघा."

मी बाकीचे घेत गेले. पाच, सहा, सात. दहा. अकराव्याला आट्यांच्या मुळाशी एक रेघ. पिवळसर, बारीक, नखाएवढी. दिवा लांब नेला, परत जवळ आणला. रेघ तिथेच.

प्र. आत आला, टोपी-कोट घालून. "शक्य नाही. मी एकच नेला होता. ताई, माईची शपथ. एकच."

तो खरं बोलत होता. आणि मग माझ्या शेजारी उभे असलेले तिवारीजी भिंतीकडे बघत म्हणाले, "सर झूठ नहीं बोल रहे. ग्यारह नंबर हमारा है."

नवमीला मी सदरला गेल्यावर. सगळ्यांना वाटलं, एवढं मोठं काम जातंय, बजरंगबलीचं नाव न घेता कसं पाठवायचं? चाव्या तिवारीजींकडे असतात. चमेलीच्या तेलात कालवलेला सिंदूर, एक टिकली. मग पुसलं, नव्या पिशवीत घातलं. सील लावलं. सगळ्यांच्या संमतीने, हात जोडून.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच शेडमधून, मालकाने मागच्या दाराने एक नेला आणि कामगारांनी पुढच्या दाराने एक. दोघांना तेव्हा एकमेकांचं ठाऊक नव्हतं, लपवायचं कारणही नव्हतं. माझ्यापासून लपवलं होतं.

मी म्हटलं, "तिवारीजी, मुझसे पूछा क्यों नहीं?"

"मना तो आपने कर ही दिया था, मैडम जी."

"तो बाद में बता देते."

"बाद में," त्यांनी टोपी नीट केली, "आप टूलबॉक्स पे चढ़ जातीं."

प्र. हसला. मग त्याला वाटलं हसायला नको होतं. मलाही हसू आलं असतं, जर ती रेघ समोर नसती.

किल्लेदार तापट होता, म्हणे. काल केवढ्या अभिमानाने सांगितलं मी.

उरलेले नग दिव्याखाली पाहिले, त्यांवर काही दिसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. उभी राहिले नाही. स्टुलावर बसले. म्हटलं, कोणाला बोलणार नाही, कोणाचा पगार कापणार नाही, फक्त सांगा, अजून काही? मग लेथवरचा यादव म्हणाला, "हमने तो बस हाथ जोड़े थे." कोणीतरी त्याला कोपर मारून विचारलं, "और अगरबत्ती?" यादव गोरामोरा. "अगरबत्ती बाहर थी. वो जो कपड़े बदलने का कमरा है, वहाँ. दरवाज़ा थोड़ा सा खुला था."

म्हणजे धूरही, त्यातला तेलकट अंश आत राहिलेला, आणि आज त्याच खोलीत मी सोळाही उघडले. म्हणजे आता मला दोन नगांबद्दल माहीत आहे आणि सोळांबद्दल माहीत नाही. दिवा आट्यांपर्यंत पोचतो, आतल्या वाटेत पोचत नाही. सगळे पुन्हा खोलायचे, पुन्हा धुवायचे. आठवडा जाणार.

प्र. ऐकायला तयार नाही. "चार साफ आहे. अकरा आपल्या डोळ्यांसमोर धुऊन टाकू. बाकी सगळे तुम्ही दिव्याखाली पाहिले, पास आहेत. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"आत."

"आत आजपर्यंत कोणी पाहिलं? तुमच्या त्या तोफांच्या आत पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं. कॅमेरा घालून, प्रत्येक."

"ताई, उशीर झाला असं सांगता येईल. वीज गेली होती, मशीन बंद पडलं, काहीही. एक आठवडा देतील ते. तुम्ही धुऊन घ्या सगळे, मी नाही म्हणत नाही. पण कारण काहून सांगायचं?"

इथे मी थांबले. कारण हे जवळजवळ बरोबर वाटत होतं. माल शुद्ध जाईल. रॉकेटला धोका नाही. माईंचं नाव नाही, तिवारीजींचं नाव नाही. ऑर्डर टिकेल. यापेक्षा अजून काय हवं, तर फक्त खरं.

आणि खरं कशाला हवं, हे मला आज दुपारी स्टुलावर बसून कळलं होतं. सोळा व्हॉल्व्ह धुऊन रॉकेट एकदा उडेल. पुढच्या वेळी असंच काही झालं तर रेवतीला कसं कळणार? मला जसं कळलं तसं. जलेबी खाताना, नशिबाने. ती जो नियम करून बसली आहे तो शिक्षेसाठी केलेला नाही. तिला यादी हवी आहे, कुठे-कुठे माणसं माणसांसारखी वागतात त्याची. आपण वीज गेली म्हटलं की त्या यादीत एक ओळ खोटी पडली. मग तिच्याकडे सगळं असेल, सगळी मापं, सगळे दाब, आणि तरी तिला काहीच माहीत नसेल.

हे प्र.ला जमेल तसं सांगितलं. मोठ्याने नाही. तो म्हणाला, "विचार करतो." घरी गेला. गाडी रद्द केली नाही.

मंडळात कोजागिरीचं दूध आहे. हे एकटेच गेले. मी गेले नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ

तिवारीजींचा फोन. गाडी वेळेआधी आली, गेटवर उभी आहे. सरांनी पेट्या चढवायला सांगितलं नाही आणि परत पाठवायलाही सांगितलं नाही. ड्रायव्हर चहा पिऊन राहिलाय. "मैडम जी, हमसे साइन माँगेंगे तो हम क्या करें?"

म्हटलं, तुम्ही तुमचं ठरवा. तुम्ही मला अकरा नंबर सांगितला, तेव्हाच अर्धं ठरवलंय.

मग माईंचा. इतक्या सकाळी त्या कधी फोन करत नाहीत. आवाज बारीक. "प्रमोद रात्रभर झोपला नाही. मला विचारत होता, आई, तुझं नाव घेतलं तर चालेल का? मी म्हटलं, नाव घे, पण मी विधवा आहे हे सांगू नको त्यांना, नाहीतर त्यांना वाटेल म्हणून आग लागते." थोडं थांबून, "वसू, खरंच फक्त तुपाने न?"

"खरंच माई. सुवासिनीचं असतं तरी पेटलं असतं."

"हं," म्हणाल्या. पटलं की नाही, कळलं नाही. फोन ठेवला.

म्हणजे विचार करतोय. म्हणजे अजून फोन केलेला नाही.

मी करू शकते फोन. रेवतीचा नंबर आहे माझ्याकडे. काल दोनदा काढला, दोनदा बाजूला ठेवला. मी केला तर ती तक्रार होईल. त्याने केला तर तो शब्द होईल, आणि पुढची दहा वर्षं त्या शब्दावर काम येईल किंवा येणार नाही, पण जे येईल ते खरं येईल. गाडी हलली तर मात्र मीच करणार. हेही त्याला आधीच कळू दे, मागाहून नको.

शेडवर निघण्याआधी त्याला पाठवायला हे लिहितेय. शब्द खोडून-खोडून एवढेच उरले:

प्रमोद, रागावलेली नाही. तू कुंकू न्यायला नको होतंस आणि मी टूलबॉक्सवर चढायला नको होतं, ते आपण नंतर वाटून घेऊ. तुझ्या चाळीस घरांना तुझ्याइतकीच मीही बांधलेली आहे. ऑर्डर राहील असं मी सांगू शकत नाही, मला माहीत नाही. पण ती मुलगी तिकडे आपल्या सोळा नगांवर भरवसा ठेवून आपलं नाव लिहून बसली आहे, आणि तिला आत काय आहे ते माहीत नाही. गाडी गेटवर आहे, ड्रायव्हरचा चहा संपेपर्यंत वेळ आहे. पेट्यांना हात लावायच्या आधी रेवतीला फोन कर; गाडी हलली तर मी करणार, हे आधीच सांगतेय. चार नंबर सांग, अकरा नंबर सांग, उदबत्ती सांग. आत्ता, तू स्वतः, फोन कर.